जिल्ह्याच्या रुग्णालयातून मेंदूसंशोधन: सरकारी मदत कुठे आहे आणि सहकार्य कसं जमतं

तुमचं पत्र थोडक्यात असं: तुम्ही विदर्भातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकार विभागात सहायक प्राध्यापक आहात. ओपीडीत रोज लकवा, आकडी, कंपवात आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण येतात. संशोधनाची इच्छा आहे, प्रयोगशाळा नाही. तुमचे प्रश्न तीन. मेंदूसंशोधनाला सरकार खरंच पैसे देतं का? आमच्यासारख्यांना ते कोण देणार? आणि दिल्ली-बेंगळुरूच्या संस्था आमच्याशी सहकार्य कशाला करतील? मी पंचवीस वर्षं पुण्यात मेंदूच्या पेशींवर काम करते आणि ते सगळं सरकारी पैशावर झालेलं आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की उरलेले दोन पुष्कळ सोपे होतात.

आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सकाळी फोन येतो. शहरातल्या एका रुग्णालयात अपस्माराची शस्त्रक्रिया चालू असते. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाच्या कानशिलाजवळचा मेंदूचा भाग काढायचा असतो, कारण आकडी तिथूनच उठते. ओटीतली सिस्टर फोनवर एवढंच सांगते, "मॅडम, पंधरा मिनिटं." आमचा विद्यार्थी बर्फाचा डबा घेऊन दाराशी आधीच उभा असतो. डब्यात एका बाटलीत मेंदूतल्या पाण्यासारखं क्षार आणि ग्लुकोजचं द्रावण असतं आणि छोट्या सिलिंडरमधून त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे चालू असतात. काढलेला तुकडा सुपारीएवढा. त्यातला पॅथॉलॉजीला लागणारा भाग आधी बाजूला जातो, उरलेला आम्हाला मिळतो. तो प्रयोगशाळेत आणून कंप पावणाऱ्या पात्यानं त्याचे ०.३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे. हे लवकर उरकलं तर त्या पेशी पुढे कित्येक तास जिवंत राहतात आणि काचेच्या अतिसूक्ष्म नळीनं त्यांचं विजेचं बोलणं ऐकता येतं. वाटेत वेळ गेला तर काप पांढरट पडतो आणि दिवस वाया जातो.

हे जमायला पैसा किती लागला? द्रावण, बर्फ आणि रिक्षाभाडं धरलं तर फार नाही. वेळ मात्र दोन वर्षं लागला. त्या दोन वर्षांत मी दर बुधवारी त्या सर्जनच्या ओपीडीत मागच्या खुर्चीवर बसत होते. त्यांना काय हवंय हे मला तिथे कळलं. त्यांना आपल्या रुग्णांच्या तुकड्यांमध्ये काय दिसतं याचं उत्तर परत हवं होतं. आधी एका मोठ्या संस्थेनं त्यांच्याकडून नमुने नेले आणि नंतर साधा निरोपही दिला नव्हता. आम्ही पहिल्या दिवशीच एक पानभर लिहून घेतलं: नमुना कुणाचा, माहिती कुणाकडे राहील, लेखात नावं कशी येतील, रुग्णाच्या उपचाराला उपयोगी काही दिसलं तर किती दिवसांत कळवायचं. संमतीपत्र मराठीत केलं आणि ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घाईनं न घेता त्याच्या आधीच्या भेटीत समजावून घ्यायचं ठरवलं. निधीचा अर्ज आम्ही त्यानंतर केला. तो पहिल्याच फेरीत मंजूर झाला, आणि परीक्षकांच्या शेऱ्यात त्या एका पानाचा उल्लेख होता.

म्हणून सांगते, रुग्ण, त्याचा इतिहास, त्याला वर्षानुवर्षं पाहणारा डॉक्टर आणि त्या घराचा विश्वास या गोष्टी प्रयोगशाळेला विकत मिळत नाहीत. तुमच्याकडे त्या आहेत. दिल्लीचं एम्स आणि हरियाणातल्या मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, म्हणजे एनबीआरसी, यांचं अपस्मारावरचं संयुक्त केंद्र असंच उभं आहे. पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, म्हणजे डीबीटीचा. रुग्ण आणि शल्यचिकित्सक एम्सचे. मेंदूतल्या विजेमुळे बाहेर उमटणारं अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारं एमईजी यंत्र मानेसरला. एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही पण आकडी तर येतेच आहे, अशा रुग्णात ती नेमकी कुठून उठते हे शोधायला ते कामी येतं. यातला एक भागीदार वगळला तर दुसऱ्याचं काम थांबतं, आणि म्हणूनच ते सहकार्य टिकलं.

आता सरकारचं. "सरकार मेंदूसंशोधनाला काही देत नाही" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. कमी देतं हे खरं. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के आहे, आणि त्यातून मेंदूच्या वाट्याला काय येणार हे वेगळं सांगायला नको. तरी जे उभं आहे ते बघा. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६२ साली ओबैद सिद्दिकी रुजू झाले. होमी भाभांनी भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्राचा गट सुरू करायला त्यांना बोलावलं होतं. पुढे त्यांनी फळमाशीवर काम सुरू केलं. तापमान वाढवलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केलं की पुन्हा उठणाऱ्या माश्या, वास आणि चव न कळणाऱ्या माश्या, आणि त्यामागची जनुकं. सगळा पैसा अणुऊर्जा खात्याचा. माशीला वास कसा येतो हे शोधायला अणुऊर्जा खातं तीस वर्षं पैसे देत राहिलं, ही मला आजही फार मोठी गोष्ट वाटते. त्याच गटातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, उभं राहिलं, आणि आज देशात न्यूरॉनवर, म्हणजे चेतापेशींवर, काम करणाऱ्या कितीतरी प्रयोगशाळांचं मूळ तिथे सापडतं.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेची मेंदूपेढी १९९५ सालची. अपघातात किंवा आजारानं गेलेल्यांचे मेंदू नातेवाइकांच्या संमतीनं तिथे जतन होतात. त्यातला काही भाग फॉर्मालिनमध्ये ठेवतात, काही उणे ८० अंशांवर गोठवतात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), डीएसटी (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) आणि डीबीटी या तिन्ही सरकारी संस्थांनी तिला हातभार लावला. अशी पेढी तीन वर्षांच्या प्रकल्पात होत नाही. फ्रीझर रात्री दोनला बंद पडला तर उठून जाणारा माणूस वीस वर्षं पगारावर असावा लागतो. म्हणूनच ते काम सरकारनं करायचं असतं, आणि इथे ते झालेलं आहे. तुमच्याकडे कंपवाताचे किंवा दुर्मीळ विकाराचे रुग्ण असतील तर रीतसर अर्ज करून अशा पेढीतले नमुने अभ्यासाला मागता येतात. आपल्या भागातले डॉक्टर मागत नाहीत, कारण कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

दुसरं असंच तयार धन म्हणजे 'लासी'. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेनं, म्हणजे आपल्या मुंबईतल्याच संस्थेनं, ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. त्यातल्याच साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची एम्सच्या पुढाकारानं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेच्या पैशातून स्मृतिभ्रंशासाठी बारकाईनं तपासणी झाली. साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, हा अंदाज त्यातून आला. ही माहिती संशोधकांना रीतसर नोंदणी करून मिळते. तुमच्या एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय हवा असेल तर शंभर रुग्णांची घाईची पाहणी करण्यापेक्षा यातून महाराष्ट्राचा भाग काढून त्यावर बसायला सांगा. खर्च शून्य, शिकणं भरपूर. फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा २०२४ साली पूर्ण झालेला नकाशाही असाच खुला आहे. त्यात १,३९,२५५ न्यूरॉन आणि त्यांचे जोड आहेत, आणि नागपूरच्या वसतिगृहातल्या मुलीला ते संगणकावर उघडून बघता येतात. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्रानं गर्भातल्या मेंदूचे ५,१३२ छेद २०२४ अखेरीस जगासाठी खुले केले. त्यात केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाचा पाठिंबा होता आणि देणगीदाराचाही.

माझा आग्रह एवढाच आहे की नवा प्रकल्प मागण्याआधी, लोकांच्या करातून जे आधीच उभं आहे ते वापरायला शिका. परीक्षक म्हणून मी दरवर्षी ढीगभर अर्ज वाचते. "आम्ही अमुक पाहणीतून हे बघितलं, त्यात ही फट दिसली, ती आमच्या रुग्णांत भरून काढायची आहे" असं लिहिणारा अर्ज शंभरात पाच-सात असतो, आणि त्यातले बहुतेक पास होतात.

पैसे कुणाकडे मागायचे ते आता सांगते. सगळ्यात आधी स्वतःच्या महाविद्यालयात एमआरयू आहे का ते बघा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन एकक उभारायची योजना काढलेली आहे. त्यातून यंत्रं येतात, एक-दोन शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ येतात. कित्येक ठिकाणी त्या खोलीत चांगली यंत्रं पडून असतात आणि मेंदूविकार विभागाला त्याचा पत्ता नसतो. मग आयसीएमआर. रुग्णांशी थेट संबंध असलेल्या कामाला हेच मुख्य दार. एमबीबीएसच्या मुलांसाठी त्यांची दोन महिन्यांची छोटी शिष्यवृत्ती आहे, तिथून सुरुवात केलेली माझी एक विद्यार्थिनी आज स्वतःचा गट चालवते. तुम्हाला स्वतःला पाच वर्षं निवांत संशोधन करायचं असेल तर डीबीटी आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टची 'इंडिया अलायन्स' डॉक्टरांसाठी वेगळ्या पाठ्यवृत्ती देते. तिचा तिसरा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केला, १,५०० कोटींचा, त्यातले १,००० कोटी डीबीटीचे. मूलभूत प्रश्न असेल तर एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. २०२३च्या कायद्यानं आलेल्या या संस्थेत जुनं सर्ब, म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी असं जाहीर झालं आहे, पण त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत, हे ध्यानात ठेवून अपेक्षा धरा. त्यांची 'पेअर' नावाची योजना मात्र जरूर वाचा. नावाजलेली संस्था मध्यभागी आणि भोवती राज्यातली विद्यापीठं अशी तिची मांडणी आहे.

पैसा मंजूर होणं आणि हाती येणं यात जे अंतर असतं, त्याबद्दल कुणी आधी बोलत नाही, म्हणून मी बोलते. एका प्रकल्पात माझं मंजुरीपत्र ऑक्टोबरात आलं आणि पहिला हप्ता फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. ३१ मार्चला शिल्लक रक्कम परत. महिन्याभरात निविदा काढून माल मागवणं शक्य नव्हतं, म्हणून रक्कम परत गेली, आणि खर्च कमी झाला म्हणून पुढचा हप्ता रोखला गेला. त्या काळात माझ्या प्रकल्पातल्या एका मुलाला सात महिने पाठ्यवृत्ती मिळाली नाही. २०२३ पासून ज्युनिअर फेलोची महिन्याची रक्कम ३७,००० रुपये झाली, ही चांगलीच गोष्ट. पण पुण्यात खोलीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, सात महिन्यांचं एकदम नाही. त्याचे वडील पंढरपूरजवळ डाळिंब करतात, त्यांनी उसने पैसे पाठवले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात शरमेच्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि दोष त्या मुलाचा कणभरही नव्हता. सरकारनं मेंदूसंशोधनासाठी एकच गोष्ट करायची असं मला कुणी विचारलं तर मी रक्कम वाढवा म्हणणार नाही, मुलांचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला द्या म्हणेन.

तुमच्या हातात काय आहे? अर्ज करतानाच प्राचार्यांकडून लेखी घ्या की हप्ता उशिरा आला तर संशोधन-निधीतून मुलांना आगाऊ रक्कम दिली जाईल. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी वापरल्याचा दाखला, आणि खर्चपत्रक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, जूनची वाट बघू नका. लेखा विभागातल्या बाबूंशी चहा घेत प्रकल्प समजावून सांगा. आमच्या कार्यालयातल्या काकांनी एकदा काढलेल्या तुकड्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तेव्हापासून माझी फाइल अडकलेली मला आठवत नाही. खरेदीचे नियम जून २०२५ मध्ये केंद्रीय संशोधन संस्थांसाठी सैल झाले: कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखाची दोन लाख झाली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला संचालक किंवा कुलगुरू स्वतः मान्यता देऊ शकतात. तुमचं महाविद्यालय राज्य शासनाचं आहे, तेव्हा कोणता नियम लागू होतो ते आधी विचारून घ्या. एवढ्यावरून यंत्र येणार की नाही ते ठरतं.

परदेशी सहकार्य हवं असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती आयसीएमआरमार्फत होते. स्थानिक एथिक्स कमिटीच्या पुढची ही पायरी आहे, आणि रुग्णांचे नमुने बाहेर जाणार असतील तर त्यांचा करारही दाखवावा लागतो. यात काही महिने जातात, ते वेळापत्रकात धरा. पण मला सांगायचंय ते कागदांबद्दल नाही. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला स्मृतिभ्रंशाची भारत-अमेरिका संयुक्त पाहणी झाली. परदेशी चाचणीत "एक वाक्य लिहा" असा प्रश्न होता, आणि समोरचे बहुतेक वृद्ध निरक्षर. तेव्हा इथल्या लोकांनी ती चाचणी मुळापासून बदलली आणि हिंदी मानसिक चाचणी तयार केली. तीच पुढे इतर पाहण्यांत वापरली गेली. परदेशी भागीदाराकडे पैसा आणि सांख्यिकी होती, पण चाचणी आपल्या लोकांनी केली नसती तर अर्धं गाव 'स्मृतिभ्रंश' म्हणून नोंदलं गेलं असतं.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. विदर्भातल्याच एका खेड्यात आम्ही एका आजींना विचारलं, "आज तारीख काय?" त्या म्हणाल्या, "पोयाले आठ दिस झाले." तान्हा पोळा कधी झाला, गावात कोणाची बैलजोडी पहिली आली, सगळं सांगितलं. हिशोब तंतोतंत बरोबर होता. आमच्या फॉर्मवर मात्र तारखेच्या चौकटीत शून्य. आजींना सगळं ठाऊक होतं, आमच्या चौकटीला पोळा ठाऊक नव्हता. ती चौकट बदलायचं काम बोस्टनमध्ये बसून होणार नाही, पुण्यात बसूनही होणार नाही. ते तुमच्याकडे होईल. वऱ्हाडी आणि झाडीबोलीत, शाळेत न गेलेल्या माणसांसाठी नीट पडताळलेली स्मृतिचाचणी हा स्वतंत्र प्रकल्प आहे, खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

मोठ्या जाळ्यात शिरायची संधी आली तर निकाल काय लागेल याची भीती धरू नका. आयसीएमआरच्या पैशातून भारतीय स्ट्रोक रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. त्यातल्या ३१ केंद्रांनी मिळून ४,२९८ रुग्णांवर एक चाचणी केली: मोबाइल संदेश, छोटे व्हिडिओ आणि पुस्तिका, तेही १२ भाषांत, दिले तर दुसरा झटका टळतो का? टळत नाही, असं उत्तर आलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. पण ३१ रुग्णालयांना एकाच पद्धतीनं नोंदी ठेवण्याची, एकाच प्रश्नावर एकत्र येण्याची सवय लागली. उलट उदाहरण युरोपचं. ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट २०१३ ला सुमारे १०० कोटी युरोंचं स्वप्न घेऊन निघाला, पण काय करायचं हे थोड्या लोकांनी आधीच ठरवलं होतं. वर्षभरातच शेकडो शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून निषेध केला आणि व्यवस्थापन बदलावं लागलं. अमेरिकेच्या ब्रेन इनिशिएटिव्हचा निधी २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होता, पुढच्या वर्षी एकदम ४० कोटींवर आला. श्रीमंत देशातही पैसा असा आटतो. तेव्हा ज्या गोष्टी पैसा थांबला तरी हातात राहतात त्यांवर आधी भर द्या: नोंदवही, माणसं, एकमेकांशी केलेला लेखी करार.

आता एक काम करा. गेल्या तीन वर्षांत तुमच्या विभागात अपस्माराचे किती रुग्ण आले, त्यातल्या किती जणांना दोन औषधांनी फरक पडला नाही, आणि त्यातल्या किती जणांच्या घरचा फोन अजून लागतो, हे तीन आकडे काढा. तिसरा आकडा काढायला वेळ लागेल, एखाद्या इंटर्नला सोबत घ्या. ते हाती आले की मला लिहा. आपण ते पान आधी करू आणि अर्जाला नंतर बसू.